‘मॅडम, माझीच नोंद मला एडिट करता येत नाहीये’: ईलॉगच्या परवानग्या सोडवताना गेलेले दोन महिने

१० जून २०२४, सोमवार. रात्रभर वीज ये-जा करत होती. सकाळी प्रयोगशाळा उघडली तेव्हा कोपऱ्यातला जुना संगणक कितीदा बटण दाबलं तरी सुरू होईना. आमच्या विभागाची सगळी उपकरण-नोंदवही त्यातच होती. एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी नमुन्याची स्फटिकरचना तपासणाऱ्या उपकरणावर) कोणी कोणता नमुना किती वेळ लावला, व्हॅक्यूम कोटिंगच्या पंपाचं तेल कधी बदललं, भट्टी किती अंशांपर्यंत नेली, हे सगळं २०१२पासून त्यात आहे. नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, टीम येणार असली की याच नोंदींचे प्रिंट काढून फाइलला लागतात. एखाद्या विद्यार्थ्याच्या आलेखाबद्दल शंका आली तर शेवटचा शब्दही याच वहीचा असतो.

मी या विभागात तांत्रिक सहाय्यक आहे. लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली कामापुरती येते, सर्व्हर सांभाळायचं शिक्षण मात्र कुठे घेतलेलं नाही. आधीचे सहाय्यक काका २०२१मध्ये निवृत्त झाले तेव्हा किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर हा संगणकही माझ्याकडे आला. तोवर तो आपोआप चालत होता, त्यामुळे त्याच्या पोटात काय आहे हे मी कधी बघितलंच नव्हतं. ज्यांच्यावर अशीच जबाबदारी येऊन पडली आहे आणि ज्यांच्या पडद्यावर ‘परवानगी नाही’ एवढंच दिसतंय, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

ईलॉग ही स्वित्झर्लंडमधल्या व्हिलिगेन इथल्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये स्टेफान रिट यांनी लिहिलेली मोफत, मुक्तस्रोत प्रणाली. आमच्या तिन्ही वह्या तिच्यावरच चालतात. तिला वेगळा डेटाबेस लागत नाही. ईलॉगडी नावाचा एकच प्रोग्राम सतत चालू असतो आणि वेब सर्व्हरचं कामही तोच करतो. प्रत्येक वहीला एक फोल्डर असतं आणि त्यात त्या त्या दिवसाच्या नोंदींची साधी मजकुराची फाइल असते. फाइलीच्या नावात आधी वर्षाचे दोन आकडे, मग महिना, मग दिवस. ही फाइल कोणत्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येते. पुढे याच गुणाने आम्हाला तारलं.

विभागातल्या इलेक्ट्रिशियनने दुपारी डबा उघडून सांगितलं की एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा भाग, जळालाय, डिस्क ठीक आहे. संगणकशास्त्र विभागाकडून डिस्क बाहेरून जोडायची वायर आणली, ४५० रुपयांचा पेनड्राइव्ह घेतला आणि वह्यांची सगळी फोल्डरं, कॉन्फिग फाइल (ईलॉगच्या सगळ्या सेटिंग्ज हिच्यात असतात), पासवर्ड फाइल त्यावर उतरवली. साडेपाच वाजले. बारा वर्षांच्या नोंदी पर्सच्या आतल्या कप्प्यात घालून मी बसमध्ये बसले आणि घर येईपर्यंत पर्सवरचा हात काढला नाही.

त्या दिवशी एक चूक झाली होती आणि ती मला महिनाभर कळली नाही. बाजारातून आणलेला पेनड्राइव्ह विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला मालक असतो, गट असतो, कोणाला वाचता येईल आणि कोणाला लिहिता येईल हेही ठरलेलं असतं. यातलं काहीच त्या पेनड्राइव्हवर टिकत नाही. फाइली सुखरूप पोचतात, पण त्यांचा मालक कोण ही माहिती वाटेत गळून पडते. तुम्हाला कधी असं हलवायची वेळ आली तर आधी सगळं फोल्डर ‘टार’ या आज्ञेने एका गठ्ठ्यात बांधा आणि तो गठ्ठा पेनड्राइव्हवर टाका. गठ्ठ्याच्या आत मालकीची नोंद शाबूत राहते.

नवा संगणक घेणं हा वेगळाच अध्याय. छोटा मिनी पीसी, १४,५०० रुपये. आमच्याकडे त्यासाठी तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, विभागप्रमुखांची शिफारस आणि प्राचार्यांची सही लागते. अर्ज ११ जूनला दिला. १९ जूनला तो ‘मिनी पीसी कोणत्या शीर्षाखाली’ अशा शेऱ्यासह परत आला. ‘डेस्कटॉप संगणक’ असं लिहून पुन्हा दिला तेव्हा पुढे सरकला. संगणक ३ जुलैला हातात आला. त्याच आठवड्यात संगणक केंद्राकडे स्थिर आयपी पत्ता (नेटवर्कवरचा न बदलणारा पत्ता) आणि पोर्ट (त्या पत्त्यावरचं क्रमांकाचं दार) यांसाठीही अर्ज केला होता. तो ‘प्रयोजन’चा रकाना मोकळा राहिला म्हणून परत आला, पुन्हा गेला आणि १५ जुलैला मंजूर झाला. माझा सल्ला असा की संगणकाची वाट बघत बसू नका, हा अर्ज पहिल्याच दिवशी द्या. आणि प्रयोजनात ‘संशोधन उपकरणांच्या वापराची नोंद, फक्त संस्थेच्या आवारात’ असं स्पष्ट लिहा.

मधले तीन आठवडे १४० रुपयांच्या जाड रजिस्टरमध्ये हाताने नोंदी झाल्या. त्या नंतर मीच टाइप केल्या. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या लेखी त्या सगळ्या माझ्या झाल्या, हे पुढे लक्षात आलं.

४ जुलैला ईलॉग मूळ कोडपासून बांधलं. त्यात फार काही घडलं नाही. कोड गिट या साधनाने उतरवताना ‘रिकर्सिव्ह’ हा शब्द विसरू नका, नाहीतर एमएक्सएमएल नावाचा भाग येत नाही आणि बांधणी मध्येच थांबते. एवढंच. संध्याकाळी पाचला ब्राउझरमध्ये जुनं पान उघडलं, डावीकडे तिन्ही वह्यांची नावं दिसली आणि २०१२ची पहिली नोंद वाचता आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी विभागप्रमुख मॅडमना बोलावून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पहिली नवी नोंद लिहायला गेले आणि सेव्ह केल्यावर लाल अक्षरांत उत्तर आलं की अमुक फोल्डरमध्ये नोंद लिहिता येत नाही, फोल्डर अस्तित्वात आहे का आणि ईलॉगडीला तिथे लिहिण्याचा अधिकार आहे का ते तपासा. संदेश अगदी नेमका होता. मी तो नीट वाचला नाही. घाईत शोधलं, पहिलंच उत्तर सापडलं ते ‘सीएचमॉड ७७७’ ही परवानग्या बदलायची आज्ञा, आणि ती सगळ्या फोल्डरवर चालवलं. सेव्ह झालं. मी निःश्वास टाकला आणि डबा खायला गेले.

सात-सात-सात म्हणजे या संगणकावरच्या कोणालाही वाचता, लिहिता, पुसता येईल अशी मोकळीक. त्याच फोल्डरमध्ये पासवर्ड फाइलही होती, म्हणजे तीही सगळ्यांना खुली झाली. खरं कारण साधं होतं. कॉन्फिगमध्ये ‘यूएसआर’ (यूझर) आणि ‘जीआरपी’ (ग्रुप) या दोन ओळी आहेत. त्यांच्यामुळे ईलॉगडी सुरू झाल्यावर रूटचा, म्हणजे सगळी मुभा असलेल्या मुख्य वापरकर्त्याचा, अधिकार सोडून ‘ईलॉग’ नावाच्या साध्या वापरकर्त्याच्या रूपात चालतो, आणि तसंच चालायला हवं. पण पेनड्राइव्हवरून मी फाइली रूट म्हणून उतरवल्या होत्या, त्यामुळे त्यांचा मालक रूट. त्या वाचायला ईलॉगला अडचण नव्हती, लिहायला मात्र होती. ‘सीएच-ओन’ या मालक बदलायच्या आज्ञेने सगळं फोल्डर ईलॉगच्या मालकीचं केलं असतं तर दोन मिनिटांत प्रश्न संपला असता.

ते मी शेवटी २९ जुलैला केलं. मालक ईलॉग, फोल्डरांना ७५०, फाइलींना ६४०, म्हणजे मालकाला लिहिता येतं, गटाला फक्त वाचता येतं, बाकीच्यांना काहीच नाही. पासवर्ड फाइलही ईलॉगच्याच मालकीची ठेवली, कारण नवं खातं उघडलं किंवा कोणी पासवर्ड बदलला तर ईलॉगडीला तिच्यात लिहावं लागतं. हे तपासायच्या दोन युक्त्या आता मला पाठ आहेत. पहिली, ‘सुडू -यू ईलॉग टच’ आणि पुढे त्या फोल्डरमधल्या एखाद्या तात्पुरत्या फाइलीचं नाव. फाइल बनली तर या पायरीवर अडचण नाही, आणि नाही बनली तर ब्राउझरमध्ये डोकं फोडण्यात अर्थ नाही. दुसरी, ‘नेमआय -एल’ आणि पुढे पूर्ण पत्ता. ती मुळापासून शेवटपर्यंत वाटेतल्या प्रत्येक फोल्डरचा मालक आणि परवानगी ओळीने दाखवते. आतलं फोल्डर बरोबर असून वरचं एखादं बंद असलं की ते इथे लगेच उघडं पडतं.

आता लोकांच्या खात्यांबद्दल. जुन्या पासवर्ड फाइलमध्ये ३४ खाती होती. त्यांतले निम्मे लोक विभाग सोडून गेलेले, आणि उरलेल्यांपैकी काहीजण एकाच पासवर्डवर काम करायचे. सगळ्यांनी नव्याने नोंदणी करावी असं मला वाटलं. ‘सेल्फ रजिस्टर’चा पर्याय चालू केला आणि ८ जुलैला सगळ्यांना निरोप दिला की लॉगिन नाव जुनंच ठेवा, पूर्ण नाव आणि ईमेल नीट भरा, पासवर्ड स्वतःचा निवडा. दोन दिवसांत सतराजणांनी नोंदणी केली. मला हे फार नीटनेटकं काम वाटलं होतं.

१० जुलैला दुपारी पीएचडीच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. लेखाच्या शीर्षकातलं वाक्य तिचं. मे महिन्यातल्या तिच्या एका नोंदीत नमुन्याचा क्रमांक चुकला होता, तो दुरुस्त करायचा होता. एडिट दाबल्यावर उत्तर येत होतं की ही नोंद फक्त अमुक वापरकर्ता एडिट करू शकतो, आणि त्या जागी नाव तिचंच. ‘मॅडम, ही मीच आहे ना?’ असं ती विचारत होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इथे मी दुसरी चूक केली आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. फाइली तर सगळ्या मोकळ्या केल्या होत्या, म्हणजे अडचण दुसरीकडे असणार असं धरून मी तिचं लॉगिन ‘अ‍ॅडमिन यूझर’च्या ओळीत घातलं. एडिट झालं. दुसऱ्या दिवशी दोघांची तीच तक्रार आली, तेही त्या ओळीत गेले. १९ जुलैपर्यंत त्या ओळीत नऊ नावं झाली होती. प्रत्येक वेळी तक्रार करणारा खूश होऊन जात होता, आणि मलाही काम केल्यासारखं वाटत होतं.

दरम्यान १५ जुलैला पोर्टची मंजुरी आली, पण ८०८० नाही, फक्त ४४३. म्हणून पुढे अपाची हा वेब सर्व्हर ठेवून त्याच्यामागे ईलॉग लावलं. लगेच नवी तक्रार आली की लॉगिन केल्यावर पान ‘लोकलहोस्ट’वर, म्हणजे बघणाऱ्याच्या स्वतःच्याच संगणकावर, जातं आणि काहीच उघडत नाही. ही अडचण परवानगीची वाटते पण तशी नसते. ईलॉगडीला स्वतःचा बाहेरचा पत्ता माहीत नसतो, तो कॉन्फिगमधल्या ‘यूआरएल’ या ओळीत द्यावा लागतो. दिला की संपलं. अर्धा दिवस गेला.

२२ जुलै, सोमवार. सकाळी विभागप्रमुख मॅडमनी बोलावलं. शेजारच्या विभागातल्या एका प्राध्यापकांनी त्यांना सहज सांगितलं होतं, ‘तुमची वही छान आहे, आम्हाला लॉगिन न करताच सगळं दिसतं.’ मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘मुलांच्या अप्रकाशित नमुन्यांची माहिती पण?’ मी माझ्या टेबलावर येऊन ब्राउझरची खाजगी खिडकी उघडली, पत्ता टाकला. खरंच सगळं दिसत होतं. नोंदी दिसत होत्या आणि जोडलेल्या फाइलीही उतरवता येत होत्या. हातपाय गार पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

कारण असं. ईलॉगच्या कॉन्फिगमध्ये वर एक ‘ग्लोबल’ विभाग असतो आणि खाली प्रत्येक वहीचा आपला विभाग. ग्लोबलमध्ये लिहिलेलं सगळ्या वह्यांना लागू होतं, जोवर एखादी वही आपल्या विभागात वेगळं काही सांगत नाही. ‘गेस्ट मेन्यू कमांड्स’ ही ओळ लिहिली की पासवर्ड न देणाऱ्यालाही आत येऊन वाचता येतं. जुन्या कॉन्फिगमध्ये ही ओळ फक्त ‘उपकरण स्थिती’ या वहीच्या विभागात होती. भट्टी आज चालू आहे की बंद, एवढंच त्या वहीत असतं आणि ते कोणालाही दिसलं तरी चालतं. नवं कॉन्फिग आटोपशीर करताना मी ती ओळ उचलून ग्लोबलमध्ये ठेवली होती. ओळ वाचायला निरुपद्रवी आहे: मागे, शोधा, लॉगिन, एवढीच बटणं. पण त्यातलं ‘शोधा’ म्हणजे पूर्ण वही.

पाच मिनिटांत ती ओळ मूळ जागी नेली. त्यानंतर मॅडमच्या समोर बसून तिन्ही वह्या खाजगी खिडकीत उघडून दाखवल्या. तेव्हापासून कॉन्फिगमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी मी तीन रूपांत तपासते: पासवर्डशिवाय, साध्या विद्यार्थ्याच्या खात्याने आणि माझ्या खात्याने. विद्यार्थ्याचं म्हणून एक चाचणीचं खातं कायमचं ठेवलंय. स्वतःच्या अ‍ॅडमिन खात्याने तपासून ‘चालतंय की’ म्हणणं हा निव्वळ धोका आहे, कारण अ‍ॅडमिनला जवळजवळ काहीच अडत नाही.

त्याच आठवड्यात ते नऊ अ‍ॅडमिनही अंगाशी आले. २५ जुलैला लक्षात आलं की २०१९च्या एका नोंदीतलं तापमान बदललंय. ज्याने बदललं त्या मुलाला आपण जुनी नोंद उघडली आहे हे कळलंच नव्हतं. नवी नोंद करताना नमुना म्हणून जुनी उघडली, आकडा बदलला, सेव्ह केली. अ‍ॅडमिनच्या ओळीत असल्यामुळे सॉफ्टवेअरने त्याला अडवलं नाही. त्याची चूक फार छोटी होती, त्या ओळीत त्याला मी घातलं होतं. पेनड्राइव्हवरची जुनी प्रत होती म्हणून मूळ आकडा परत मिळाला. नसती तर तो गेलाच होता.

त्या रात्री मी ठरवलं की आता नवं काही करायचं नाही, आधी समजून घ्यायचं. २७ जुलै, शनिवारी सकाळी निवृत्त काकांना गावी फोन लावला. हा फोन मी १० जुलैलाच करायला हवा होता. त्यांना कशाला त्रास द्यायचा, असं वाटून टाळत राहिले होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, ‘अगं, नोंदीची मूळ फाइल उघडून बघितलीस का? ऑथरच्या ओळीत काय लिहिलंय आणि तुझ्या नव्या यादीत काय लिहिलंय, ते शेजारी शेजारी ठेव. आणि माझी निळी वही कपाटात आहे ना, ती काढ.’

मे महिन्यातली ती फाइल उघडली. ऑथरच्या ओळीत त्या मुलीचं आद्याक्षर, टिंब आणि आडनाव होतं. नव्या पासवर्ड फाइलमध्ये तिचं संपूर्ण नाव होतं, आणि फेब्रुवारीत लग्न झाल्यामुळे आडनावही बदललेलं. माणूस एकच, लॉगिनही एकच, पण नावाची अक्षरं वेगळी.

‘रिस्ट्रिक्ट एडिट’ हा पर्याय चालू असला की नोंद फक्त तिच्या लेखकालाच बदलता येते. पण लेखक कोण हे ईलॉग कुठल्या गुप्त क्रमांकावरून ओळखत नाही. नोंद करताना ऑथरच्या रकान्यात जे आपोआप भरलं जातं, तेच ते पुढे ताडून बघतं. आमच्या कॉन्फिगमध्ये तिथे ‘लाँग नेम’ म्हणजे पूर्ण नाव भरलं जात होतं. म्हणून एडिट दाबल्यावर ते नोंदीतलं नाव आणि आत्ता आलेल्या माणसाचं पूर्ण नाव जुळतंय का एवढंच पाहत होतं. मी सगळ्यांना नव्याने नोंदणी करायला लावली, ‘पूर्ण नाव नीट भरा’ असंही वर सांगितलं, आणि त्या एका निरोपाने सतराजणांचा आपापल्या जुन्या नोंदींशी असलेला धागा तोडला.

निळ्या वहीत २०१४च्या एका पानावर काकांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘ईलॉगमध्ये नाव जसे आहे तसेच ठेवणे. नाव बदलल्यास जुन्या नोंदी एडिट होत नाहीत.’ वही तीन वर्षं माझ्या खुर्चीमागच्या कपाटात होती.

हे समजल्यावर बाकीचं चित्रही स्पष्ट झालं. जुन्या वाड्यात दिंडी दरवाजातून आत आलेला माणूस ओसरीवर बसू शकतो, पण माजघरात जायला वेगळी मुभा लागते आणि देवघरात आणखी वेगळी. ईलॉगचंही तसंच आहे. फाइलींची मालकी हा बाहेरचा दरवाजा, तो ईलॉगडीसाठी. पासवर्ड फाइल आणि गेस्टची ओळ ठरवतात ओसरीवर कोण येईल. ‘मेन्यू कमांड्स’, ‘अलाउ’ आणि ‘डिनाय’ या ओळी ठरवतात आत आलेल्याने कशाला हात लावायचा. आणि नोंद कोणाची, हे ‘रिस्ट्रिक्ट एडिट’ बघतं. प्रत्येक ठिकाणचा नकाराचा संदेश वेगळा असतो. फोल्डरमध्ये लिहिता येत नाही म्हणालं तर मालकी तपासा. अमुक कमांड अमुक वापरकर्त्याला चालणार नाही म्हणालं तर अलाउ-डिनायच्या ओळी बघा, आणि त्या ओळींत लॉगिन नाव लागतं, पूर्ण नाव चालत नाही, हेही बघा. फक्त अमुक जण एडिट करू शकतो म्हणालं तर ऑथरचं नाव बघा. मी तिसरा संदेश नीट न वाचता लोकांना अ‍ॅडमिन करत बसले होते.

दुरुस्ती कशी करायची यावर विभागात दोन दिवस चर्चा झाली. एका सरांचं म्हणणं होतं की एका आज्ञेत सगळ्या जुन्या फाइलींमधली नावं नव्याने बदलून टाकू. ते शक्य होतं, साधा मजकूरच तर आहे. मी आणि मॅडम दोघीही त्याला तयार झालो नाही. बारा वर्षांच्या नोंदींना एकगठ्ठा हात लावायचा नाही, मग कारण कितीही सोयीचं असो. दुसरा मार्ग पूर्ण नावाऐवजी लॉगिन नाव भरण्याचा होता. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तोच घ्यावा असं मी सांगेन, कारण लॉगिन सहसा बदलत नाही. पण आमच्या जुन्या नोंदींत लॉगिन कुठेच नाही, त्यामुळे त्या सगळ्या बंदच राहिल्या असत्या. शेवटी उलटं केलं: जुन्या नोंदींत ज्याचं नाव जसं आहे तसंच पूर्ण नाव त्याच्या खात्यात परत घातलं. जुनी पासवर्ड फाइल पेनड्राइव्हवर होती, ती समोर ठेवून ३० आणि ३१ जुलैला सतरा नावं एकेक करून जुळवली, टिंबं आणि मोकळ्या जागांसकट.

लग्न झालेल्या विद्यार्थिनीला मी आधी विचारलं. नाव हा कागदावरचा रकाना असला तरी ते तिचं नाव आहे, मी परस्पर मागे फिरवणं बरं नव्हतं. ती म्हणाली, ‘जुनंच राहू दे मॅडम. पेपर त्याच नावाने आहेत, थिसिसही त्याच नावाने जाणार आहे.’ मग तिची नोंद तिच्या समोर उघडली, तिने नमुन्याचा क्रमांक दुरुस्त केला आणि सेव्ह झालं. एका आकड्यासाठी तीन आठवडे ती थांबली होती.

एक काळजी उरतेच. वापरकर्त्याला आपल्या ‘कॉन्फिग’ पानावर जाऊन आपलं पूर्ण नाव स्वतः बदलता येतं. कोणी ते बदललं तर पुन्हा हाच घोळ होईल. म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलंय की पासवर्ड हवा तेव्हा बदला, नावाच्या चौकटीला हात लावू नका, आणि बदलायचंच असेल तर आधी माझ्याकडे या. ‘सेल्फ रजिस्टर’ आता ३वर ठेवलंय, म्हणजे कोणी नोंदणी केली तरी मी मंजूर केल्याशिवाय खातं सुरू होत नाही.

१ ऑगस्टला अ‍ॅडमिनच्या ओळीतून सात नावं काढली. राहिलो मॅडम आणि मी. ज्यांची नावं गेली त्यांना आधी भेटून कारण सांगितलं, नाहीतर आपल्यावर अविश्वास दाखवला असं कोणालाही वाटेल. डिलीटची परवानगीही आम्हा दोघींनाच. ‘रिस्ट्रिक्ट एडिट टाइम’ ४८ तास केला: स्वतःची नोंदही दोन दिवसांनंतर बदलता येत नाही. त्यानंतर चूक सापडली तर त्या नोंदीला ‘रिप्लाय’ करून खाली दुरुस्ती लिहायची. मूळ आकडा आणि दुरुस्ती दोन्ही दिसत राहतात, कागदी वहीत चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारून शेजारी सही करतात तसं. काही विद्यार्थ्यांना ४८ तास कमी वाटतात. मला ते पुरेसे वाटतात. ‘लॉगफाइल’चा पर्यायही चालू केला, त्यामुळे कोण कधी आलं आणि कोणी काय लिहिलं हे वेगळ्या फाइलीत राहतं. २०१९चं तापमान कोणी बदललं हे शोधायला मला एक दिवस लागला होता, तो आता मिनिटभरात कळलं असतं.

मी टाइप केलेल्या रजिस्टरमधल्या नोंदी माझ्याच नावावर आहेत. प्रत्येकीच्या पहिल्या ओळीत ‘कागदी रजिस्टर, पान अमुक, मूळ नोंद अमुक यांची’ असं लिहिलंय आणि रजिस्टर जपून ठेवलंय.

९ ऑगस्टला, शुक्रवारी, शेवटची तपासणी केली. तिन्ही वह्या, तिन्ही रूपं, प्रत्येकात वाचणं, लिहिणं, स्वतःची नोंद बदलणं, दुसऱ्याची बदलायचा प्रयत्न करणं, पुसायचा प्रयत्न करणं. एका कागदावर तक्ता आखून काय व्हायला हवं ते आधी लिहिलं आणि काय झालं ते नंतर. दोन तास लागले. सगळे रकाने जुळले. मॅडमनी त्या कागदावर सही केली आणि तो फाइलला लागला. दर शनिवारी वह्यांचा गठ्ठा बांधून विभागाच्या दुसऱ्या लिनक्स संगणकावर जातो, आणि महिन्यातून एकदा तो उलगडून मालकी टिकली आहे का ते मी बघते.

संध्याकाळी निळी वही काढली. काकांच्या २०१४च्या ओळीखाली तारीख घातली आणि लिहिलं: कॉन्फिग फाइल कुठे आहे, ईलॉगडी कोणत्या नावाने चालतो, फोल्डरांना आणि फाइलींना कोणती परवानगी, गेस्टची ओळ फक्त ‘उपकरण स्थिती’त, अ‍ॅडमिन दोनच, एडिटला ४८ तास, चाचणीच्या खात्याचं नाव. काकांचा फोन नंबर, त्यांना विचारून, आतल्या पुठ्ठ्यावर. पासवर्ड वहीत लिहिलेला नाही, तो बंद पाकिटात मॅडमच्या कपाटात आहे. वही वरच्या फळीवर डावीकडे ठेवली आहे आणि कपाटाची दुसरी किल्ली ऑफिसात दिली आहे.